बाळंतिणीच्या अंगाला हात लावणारी मावशी

 

मागच्या वेळी आपण कर्जाच्या हप्त्यांवर बोललो होतो. आज पैशाचा विषय शेवटी थोडासाच येईल. आज बोलायचं आहे मालिशबद्दल. पार्लरमधली नव्हे, आपल्या बाळंतिणीच्या खोलीतली मालिश.

विषय निघाला तो असा. फुलंब्रीकडच्या एका गटाची बैठक होती. बचत गोळा झाली, सह्या-अंगठे झाले, आणि एक मावशी म्हणाल्या, "माझ्या लेकीचं सिझर झालंय, परवा घरी आणायचीय. मालिशवालीला सांगून ठेवू का नको?" झालं! वही मिटली आणि बैठक पुढं दीड तास चालली. अर्ध्या बायांचं म्हणणं, मालिश नाही केली तर कंबर उघडी राहते, अंगात वारं शिरतं, म्हातारपणी हाडं बोलायला लागतात. दुसऱ्या अर्ध्या म्हणाल्या, हे जुनं खूळ आहे, आता दवाखाने झाले, गोळ्या झाल्या, कशाला हात लावून घ्यायचा? दोन्हीकडच्या बाया तावातावानं बोलत होत्या. जिच्या अंगाचा प्रश्न होता ती पोरगी दवाखान्यात पडून होती, आणि तिला काय हवंय हे कुणी विचारलेलंच नव्हतं.

म्हणून आम्ही समन्वयक मैत्रिणींनी ठरवलं की पुढचे काही महिने जिथं जिथं बैठकीला जाऊ तिथं हा विषय काढायचा. पैठण, गंगापूर, कन्नड, सिल्लोड, जिकडं गेलो तिकडं मालिश करणाऱ्या मावश्यांना भेटलो, आशाताईंशी बोललो, नर्सबाईंना विचारलं, आणि थोडं वाचलंसुद्धा. त्यातून जे हाती लागलं ते आज सांगतो.

आधी ही मालिश असते कशी, ते सांगावं लागेल. आज्या हसतील, पण आमच्याबरोबर काम करणाऱ्या वीस-बावीस वर्षांच्या मुलींना खरंच माहीत नव्हतं.

मावशी सकाळी नवाच्या आसपास येते. आल्या आल्या हातातल्या बांगड्या कोपराकडं सारते, पाटल्या असतील तर काढून ठेवते. तेलाची वाटी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवलेली असते. तेल थेट चुलीवर तापवत नाही, कारण मग ते किती तापलं ते कळत नाही. मनगटावर एक थेंब टाकून बघते. बाळंतिणीला जाड गोधडीवर निजवते आणि सुरुवात पायापासून करते. तळवा, टाच, घोटा, पोटरी, मांडी, असं खालून वर, हृदयाच्या दिशेनं. मग हात, खांदे, मान. मग कुशीवर वळवून पाठ आणि कंबर. कंबरेला जास्त वेळ देते. नऊ महिने जिनं ओझं पुढं वाहिलं तिच्या कंबरेला मागं खेचून खेचून ताठ राहावं लागलेलं असतं. नंतर निरगुडीचा नाहीतर कडुलिंबाचा पाला टाकून उकळलेल्या पाण्यानं आंघोळ. अंग पुसून पोटाला सुती लुगड्याची पट्टी बांधायची. तोवर घरातलं कुणीतरी गरम गरम बाजरीची भाकरी नाहीतर डिंकाचा लाडू आणून देतं. आणि मग झोप. ती झोप पोरीला रात्री मिळालेली नसते.

लेकराची पाळी त्याच्या आधी नाहीतर नंतर. मावशी पाटावर बसून दोन्ही पाय लांब सोडते आणि लेकरू नडग्यांवर निजवते. एवढ्याशा जिवाला दोन्ही पायांच्या मधल्या खोबणीत अशी जागा मिळते की ते घसरत नाही. हे आम्ही कितीदा पाहिलं, तरी दर वेळी बघत बसावंसं वाटतं.

हे झालं हातांचं काम. पण मावश्यांशी बोलताना आम्हाला दुसरंच काहीतरी दिसलं. मावशी पाय चोळता चोळता विचारते, "रात्री किती वेळा उठलीस? दूध येतंय का दोन्हीकडून? लघवीला जळजळ होती का? रडलीस का गं?" सासूपुढं, आईपुढं, नवऱ्यापुढं ज्या गोष्टी निघत नाहीत त्या तिथं निघतात. मुलगी झाली म्हणून घरात कोण काय बोललं, हे पोरगी मावशीला सांगते. कन्नडकडच्या एका मावशीनं आम्हाला सांगितलं, "माय, हात चालू असला की तोंड आपसूक चालतं. मी काही उत्तर देत नाही. निस्तं हूं हूं करते. पोरगी हलकी होती." या मावशीला कुणी समुपदेशन शिकवलेलं नाही.

आता थोडं लांब जाऊ. प्रशांत महासागराच्या मधोमध हवाई नावाची बेटं आहेत, आता ती अमेरिकेचं एक राज्य आहेत. तिथल्या मूळ लोकांची एक मालिश आहे, तिला म्हणतात लोमीलोमी. लोमी म्हणजे चोळणं, मळणं, जसं आपण पीठ मळतो तसं. तिथंही ही विद्या घराण्यात चालत आलेली. आजीनं नातीला शिकवायची, कागदावर काही नाही. तेल खोबऱ्याचं नाहीतर कुकुई नावाच्या फळाच्या बियांचं. नुसत्या बोटांनी नाही, तर मनगटापासून कोपरापर्यंतच्या हातानं लांब लांब दाब देतात. पायांनी तुडवायचीही रीत आहे. हे वाचून आम्ही हसलोच, कारण कापूस वेचून आलेली आजी नातवाला म्हणते ना, "ये रे, जरा पोटऱ्यांवर उभा राहा," ते काय वेगळं आहे? तिथं मालिश सुरू करण्याआधी प्रार्थना करतात. शरीर दुखतं तेव्हा मनात, घरात, नात्यात काही बिनसलंय का तेही बघायचं, अशी त्यांची समजूत आहे. भांडण असेल तर घरच्यांनी एकत्र बसून ते मिटवायचं, त्यालाही त्यांच्यात वेगळी रीत आहे.

त्या बेटांवर मार्गारेट मचाडो नावाच्या एक बाई होऊन गेल्या. लोक त्यांना आंटी मार्गारेट म्हणत. घराण्याबाहेरच्या लोकांनाही त्यांनी ही विद्या शिकवली. २००९ साली त्या वारल्या. आज लोमीलोमीचं नाव जगभरच्या मोठ्या हॉटेलांत पाटीवर लिहिलेलं असतं, आणि तासाभराचे जे पैसे घेतात त्यात आपल्या मावशीचे सव्वा महिन्याचे पैसे निघतील.

हातांची किंमत बाहेरच्यांना कळते, ती आपल्याला उशिरा कळते, याची उदाहरणं जवळचीही आहेत. तुम्ही दुकानातून शाम्पूची पुडी आणता ना? तो शब्द आपल्याकडचाच. चांपणे, चंपी, यातून तो इंग्रजीत गेला. पाटण्याच्या शेख दीन महंमद यांनी दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या ब्रायटन गावात वाफेची आंघोळ आणि मालिश यांचं दुकान काढलं आणि पुढं ते तिथल्या राजाचे मालिशवाले झाले. तेव्हा शाम्पू म्हणजे मालिशच होती, केस धुणं नंतर आलं. आणि फ्रेडरिक लेबॉये नावाचे एक फ्रेंच डॉक्टर कोलकात्यात आले असताना त्यांनी शांतला नावाच्या बाईला आपल्या लेकराची मालिश करताना पाहिलं. पाय पसरून, लेकरू पायावर घेऊन, अगदी आपल्या मावशीसारखी. त्यांनी फोटो काढले आणि १९७६ साली तिच्याच नावाचं पुस्तक काढलं. युरोपातल्या आया त्यावरून शिकल्या.

आणि आपल्याकडं? आपल्याकडं ती बाई दारातून येते आणि मागच्या दारानं जाते. खोटं कशाला बोलायचं? सुईणीचं आणि मालिशचं काम पिढ्यान् पिढ्या ज्या घरांतल्या बायांनी केलं, त्यांच्या हातचं पाणी मात्र गावानं घेतलं नाही. बाळंतिणीचं सगळं अंग तिच्या हातात, लेकराची नाळ तिच्या हातात, आणि चहाचा कप वेगळा. काही गावांत तो कप अजून वेगळाच आहे. गटात आपण एका सतरंजीवर बसतो, म्हणून हे बोलायचं धाडस करतो. सिल्लोडकडची एक मावशी म्हणाली, "पोरगी मला आई म्हणती बारा वाजेपर्यंत. नंतर मी पुन्हा कोण ते ठरलेलं असतं." त्यावर आमच्याकडं उत्तर नव्हतं.

मालिशनं खरंच काय होतं, आता तिकडं वळू. इथं आम्ही जरा नीट चौकशी केली, कारण तेलाबद्दल आपल्याकडं काहीही बोललं जातं.

अमेरिकेतल्या मायामी शहरात टिफनी फील्ड आणि त्यांच्या सोबत्यांनी १९८६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या लेकरांना दिवसातून तीन वेळा, पंधरा-पंधरा मिनिटं, असं दहा दिवस हलक्या हातानं चोळलं. खाणंपिणं सारखंच असूनही या लेकरांचं वजन बाकीच्यांपेक्षा ४७ टक्के जास्त वेगानं वाढलं. बांगलादेशात ढाक्याच्या बाल रुग्णालयात अगदी कमी दिवसांच्या लेकरांना सूर्यफुलाचं तेल हलकेच लावलं, तर दवाखान्यात होणारा जंतुसंसर्ग बराच कमी झाला. तो अभ्यास २००५ साली छापून आला. अशा कच्च्या लेकरांची कातडी पातळ असते, तेलाचा थर तिला आधार देतो. हे सगळं डॉक्टरांच्या देखरेखीखाली झालं, हे लक्षात ठेवा. दोन किलोच्या लेकराला आपण घरी पाटावर घ्यायचं, असा त्याचा अर्थ नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ साली बाळंतपणानंतरच्या काळजीबद्दल सूचना काढल्या. पूर्ण दिवसांच्या, निरोगी बाळाला सगळ्या अंगाची हलकी मालिश करायला हरकत नाही, त्याचा वाढीला फायदा होऊ शकतो, असं त्यांत म्हटलं आहे. हलकी हा शब्द तिथं मुद्दाम आहे.

आणि आपलं जुनं शास्त्र काय म्हणतं? चरकसंहितेत बाळंतिणीच्या पोटाला तेल-तूप लावून मोठ्या स्वच्छ कापडानं पोट बांधायला सांगितलेलं आहे, म्हणजे आजीची लुगड्याची पट्टी काही हवेतून आली नाही. पण वाग्भटानं अष्टांगहृदयात मालिश कुणाला करू नये हेही सांगितलंय. अपचन झालेल्याला नाही, कफ झालेल्याला नाही. जुन्या काळातसुद्धा सरसकट सगळ्यांना चोळा असं कुणी म्हणत नव्हतं. हे दुसरं वाक्य आपण सोयीनं विसरलो.

काय होत नाही तेही ऐका. मालिशनं लेकरू गोरं होत नाही. कावीळ उतरत नाही. डोकं दाबून गोल होत नाही, ते वाढताना आपोआप होतं. नाक ओढून सरळ होत नाही. पिठाचा गोळा खसाखसा घासून अंगावरची लव काढतात, त्यात लेकराची कातडी सोलते आणि लव पुढं आपोआप जाणारच असते.

काही गोष्टी मात्र आजपासून थांबवायच्या आहेत. लेकराच्या नाकात, कानात, बेंबीत तेल सोडायचं नाही. नाकातलं तेल फुप्फुसात उतरतं आणि न्यूमोनियासारखा आजार होतो. लेकराच्या छातीत गाठ लागते, मुलगा असो की मुलगी. ती आईच्या रक्तातल्या गुणानं आलेली असते आणि आपोआप जिरते. ती पिळून "दूध काढायचं" नाही, त्यात पू होतो. पाय धरून लेकरू उलटं टांगायचं नाही, वर उडवायचं नाही. नाळेवर काही लावायचं नाही, तेल नाही, हळद नाही, राख नाही. तिला कोरडी राहू द्यायची. आणि धुरी! दार-खिडकी लावून शेगडीवर ओवा-शेपा टाकतात. वास छान येतो, आम्हालाही आवडतो, पण कोंडलेल्या खोलीतला कोळशाचा धूर आईला आणि लेकराला दोघांनाही घातक आहे. शेक द्यायचाच असेल तर गरम पाण्याच्या पिशवीनं द्या, तीही फडक्यात गुंडाळून.

सिझरचा प्रश्न वेगळा सांगावा लागेल, कारण तिथूनच भांडण सुरू झालं. आता बहुतेक बाळंतपणं दवाखान्यातच होतात. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या शंभरातल्या जवळपास ९५ जणींचं बाळंतपण दवाखान्यात झालेलं दिसतं, आणि साधारण चारातल्या एकीचं सिझर होतं. मावशीला हात शिकवला तिच्या आईनं, आणि त्या आईच्या काळात पोटावर टाके नव्हते. त्यामुळं मावशीचं काही चुकत नाही, तिच्यापुढं नवीनच अंग आलंय. सिझर झालेल्या पोरीच्या पोटाला हात लावायचा नाही, टाके भिजवायचे नाहीत, पोट आवळून बांधायचं नाही. किती दिवस, ते टाके बघून डॉक्टर सांगतील, सुट्टी घेतानाच विचारून घ्या. दवाखान्यातून निघताना आपण बिल विचारतो, गोळ्या विचारतो, तसं हेही विचारायचं: "मालिश कधीपासून? पोटाला कधीपासून?" हात, तळवे, खांदे, मान मात्र बसल्या बसल्या हलक्या हातानं चोळता येतात आणि तेवढ्यानंही पोरीला बरं वाटतं. फुलंब्रीच्या त्या लेकीला शेवटी आम्हीच फोनवर विचारलं. ती म्हणाली, "पोटाचं राहू द्या, माझी मान फार दुखायलीय. सारखं खाली बघून दूध पाजावं लागतं ना." तिला मानेला हात हवा होता, आणि बैठक दीड तास पोटावर भांडत होती.

आता जे मला, म्हणजे आम्हाला, सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते.

दवाखान्यातून घरी आल्यावर आशाताई घरी येते. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. एकूण सहा वेळा. २०११ पासून सरकारनं हे ठरवून दिलेलं आहे. त्यामागं गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी केलेलं काम आहे. गावातल्याच बायांना शिकवून घरोघरी नवजात बाळाची काळजी घेतली तर बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी करता येतात, हे त्यांनी १९९९ साली जगाला दाखवून दिलं. सरकारचे बेचाळीस दिवस आणि आपला सव्वा महिना, बघा, जवळजवळ सारखेच आले. पण आशाताई सहा वेळा येते, आणि मावशी रोज. बाळंतिणीचं उघडं अंग, दोन्ही पाय, छाती, टाके, लेकराची बेंबी, कातडीचा रंग, हे सगळं रोज बघणारी घरात दुसरी कुणीही नाही. सासू बघत नाही, आईसुद्धा पूर्ण बघत नाही. काही बिघडलं तर सगळ्यात आधी ते मावशीच्या हाताला कळणार.

आणि कळतंही. कन्नडच्या त्याच मावशीची गोष्ट. बाळंतपणाच्या दहाव्या-अकराव्या दिवशी त्या एका घरी गेल्या. पोरीचा डावा पाय उजव्यापेक्षा सुजलेला, पोटरी गरम, हात लावला की कळवळायची. घरचे म्हणाले, चालून चालून आखडलाय, जरा जोरात चोळा. मावशींनी तेलाची वाटी बाजूला ठेवली. म्हणाल्या, "हा पाय मी चोळणार नाही. दोन्ही पाय सुजले असते तर चोळले असते. एकच सुजलाय. गाडी बोलवा." घरचे रागावले, पण गाडी बोलावली. पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाली होती. अशी गाठ चोळली तर सुटून फुप्फुसात जाऊ शकते, आणि मग वेळ उरत नाही. ती पोरगी आज ठीक आहे. मावशीला गाठीचं नाव माहीत नव्हतं. तिच्या आईनं तिला एवढंच शिकवलं होतं, की एकटा पाय सुजला तर हात आवरायचा.

ही एक गोष्ट जरी प्रत्येक मालिशवालीला माहीत झाली तरी किती काम होईल! म्हणून आम्ही तीन-चार गावांत आशाताई आणि मावश्यांना एकत्र बसवलं. आशाताईंनी धोक्याच्या खुणा सांगितल्या. आईला ताप, घाणेरड्या वासाचा स्राव, तासाभरात घडी पूर्ण भिजेल इतकं रक्त, डोकं फुटेल असं दुखणं आणि डोळ्यापुढं अंधारी, एका पायाला सूज, छातीत लाल गरम गाठ, श्वास लागणं. लेकरानं दूध ओढणं सोडलं, अंग थंडगार पडलं किंवा तापलं, श्वास भराभर चालतोय, तळहात-तळपाय पिवळे झाले, बेंबीतून पू येतोय. यातलं एक जरी दिसलं तरी त्या दिवशी मालिश बंद आणि १०२ किंवा १०८ ला फोन. मावश्यांनी एक खूण स्वतःहून वाढवली, ती आशाताईंच्या वहीत त्या जागी नव्हती: "पोरगी बोलायची बंद झाली, लेकराकडं बघत नाही, निस्ती भिंतीकडं तोंड करून पडती." हे मनाचं दुखणं आहे, त्यावर उपचार आहेत, आणि ते मावशीच्या लक्षात येतं.

काहींना वाटेल, अडाणी बाईला हे झेपेल का? जामखेड आपल्यापासून लांब नाही. तिथं डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केलं आणि गावागावांतल्या बायांना आरोग्याचं शिक्षण दिलं. त्यांतल्या कितीतरी जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं, कितीतरी जणी दलित समाजातल्या होत्या. त्यांनी गावच्या गावं बदलली. तेव्हा झेपेल का हा प्रश्न विचारून झालेला आहे.

दोन कडू गोष्टी सांगायच्या राहिल्या. पहिली, मुलगा झाला की मावशी सव्वा महिना येते, कधी कधी दोन महिने. मुलगी झाली की, विशेषतः दुसरी मुलगी, वीस-पंचवीस दिवसांत "बास झालं आता." आम्ही ज्या मावश्यांशी बोललो त्यांतल्या बहुतेकींनी हे न विचारता सांगितलं. कमी होते ती लेकराची मालिश आणि आईचीही. जणू मुलगी पोटात असताना कंबर कमी ताणली जाते! दुसरी गोष्ट ऊसतोडीची. कन्नड-पैठणकडून, शेजारच्या बीडमधून कोयता घेऊन गेलेल्या जोड्यांमधली बाई कोपीत बाळंत होते किंवा गावी बाळंत होऊन काही दिवसांत परत फडावर जाते. तिला ना मावशी, ना गोधडी, ना सकाळची झोप. डोक्यावर मोळी असते. मालिश जुनी की नवी हा वाद घालायला तिला वेळच मिळत नाही. एका गटातल्या बायांनी यंदा ठरवलंय की गावात थांबलेल्या अशा बाळंतिणीला गटातून निदान पंधरा दिवस मावशी द्यायची, पैसे गटाच्या सामाजिक निधीतून. रक्कम मोठी नाही. ठरावाला दोघींनी विरोध केला, तोही वहीत लिहिलाय.

पैशावरून आठवलं. मावशीला काय द्यायचं? पूर्वी पायली-दोन पायली जोंधळे, शेवटच्या दिवशी लुगडं, नारळ, खण. आता कुणी रोजचे थोडे पैसे देतं, कुणी "शेवटी बघू" म्हणतं, आणि शेवटी हातावर जुनी साडी ठेवतं. पैठणकडच्या एका गावात तीन गटांनी मिळून दर ठरवला: आई आणि लेकरू दोघांची मालिश-आंघोळ धरून खुरपणीच्या रोजाएवढा. खुरपणीला दिवस जातो आणि मालिशला दोन तास, एवढा कशाला, असं काहीजणी म्हणाल्या. त्यावर तिथल्या मावशीनं आपली बोटं पुढं केली. अंगठ्याचे सांधे सुजलेले. तीस वर्षं दुसऱ्यांच्या कंबरा चोळल्यात, तिच्या हातांना कुणी तेल लावलेलं नाही. दर ठरला.

तेलाचं म्हणाल तर घरचं, ताजं, खात्रीचं तेल असलं की पुरे. तिळाचं, खोबऱ्याचं, करडईचं. मोहरीचं लेकराच्या कातडीला झोंबतं, ते टाळा. करडई तर आपल्या मराठवाड्याचं पीक, परभणीच्या कृषी विद्यापीठानं 'परभणी कुसुम'सारखं चांगलं वाण दिलंय, पण काट्यांमुळं काढणीला माणूस मिळत नाही म्हणून शेतातून ते कमी होत चाललंय. दोन गटांनी लाकडी घाण्याचा विचार चालवलाय. त्यांना एक सांगणं: तेल खाण्याचं म्हणून विकायचं तर अन्नसुरक्षेची नोंदणी काढा. आणि बाटलीवर "सांधेदुखी बरी करते", "बाळ गुटगुटीत होतं" असलं काही छापू नका. औषध म्हणून विकायला आयुर्वेदिक औषधाचा परवाना लागतो, आणि खोट्या दाव्यांच्या जाहिरातींविरुद्ध १९५४ सालापासून कायदा आहे. नुसतं "करडईचं घाण्याचं तेल" लिहा. ज्याला कळतं तो घेतो.

मालिशआधी मावशीनं नखं कापलेली हवीत, हात साबणानं कोपरापर्यंत धुतलेले हवेत, अंगठी काढलेली हवी. मावशीला खोकला-ताप असेल त्या दिवशी तिला सुट्टी, आणि तो रोज कापायचा नाही. लेकराला दूध पाजल्यावर लगेच चोळायचं नाही, तास-दीड तास जाऊ द्या. लेकरू रडून सांगतंय की नको, तर नको.

पुढच्या कार्यक्रमात दोन मावश्या स्वतः स्टुडिओत येणार आहेत. त्यांना काय विचारायचं ते तुमच्या गटाच्या वहीत लिहून ठेवा आणि बैठकीला आम्ही येऊ तेव्हा द्या. तुमच्या गावात मालिश कोण करतं, तिचं वय काय, तिच्याकडून कुणी शिकतंय का, हेही लिहा. आतापर्यंत अकरा गावांतून माहिती आली आहे. त्यांतल्या आठ गावांत मावशी साठीच्या पुढची आहे आणि हाताखाली कुणी नाही.